गोडवा गळ्याचा की सुईचा?

गेल्या कार्तिकी उत्सवाच्या आधी आमच्या निपाणीच्या देवस्थानाच्या धर्मशाळेत एक सभा भरली होती. विषयपत्रिकेवर समईच्या तेलापासून महाप्रसादाच्या पत्रावळींपर्यंत नेहमीचेच विषय होते; परंतु सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो शेवटच्या कलमाने. देवस्थानास एका जुन्या व्यापारी घराण्याकडून ध्वनिमुद्रिकांची एक पेटी दान म्हणून आली आहे. तंबाखूच्या वखारीच्या माळ्यावर ती पन्नासएक वर्षे पडून होती. अजूनही झाकण उघडले की वखारीचा उग्र दर्प नाकात शिरतो. आत ७८ फेऱ्यांच्या त्रेचाळीस तबकड्या आहेत. केसरबाई केरकर आहेत, मास्टर दीनानाथ आहेत, अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, रामकृष्णबुवा वझे आहेत, बालगंधर्व तर आहेतच. आणि कोणा विसरलेल्या कीर्तनकाराची दोन आख्यानेही आहेत. सूचना अशी आली की, उत्सवाच्या दिवसांत पहाटे काकडआरती झाली की या तबकड्या ध्वनिक्षेपकावरून लावाव्यात, आणि त्याही नव्या यंत्रावर नव्हे, तर जुन्या काळच्या कार्ट्रिजवर, जुन्याच सुईने.

सूचना मांडणारे गृहस्थ माझे स्नेही आहेत. सधन आहेत, रसिक आहेत, आणि गेली काही वर्षे जुनी कार्ट्रिजे जमविण्याचा नाद त्यांना लागला आहे. अर्धा तास ते बोलले. जुन्या सुईतला गोडवा नव्या सुईत नाही, जुन्या आवाजाला जुनेच यंत्र हवे, पूर्वजांनी जे ऐकले तेच आपण ऐकावे, असा त्यांच्या भाषणाचा सारांश. सभा माना डोलावीत होती. विरोध मी एकट्यानेच नोंदविला, आणि तोही वेळ संपत आला असताना, अर्धवट. उत्सव त्या तबकड्यांवाचून पार पडला आणि विषय पुढील सभेवर गेला. जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहितो. माझे स्नेही या मासिकाचे वर्गणीदार आहेत. त्यांनी वाचावे आणि उत्तर द्यावे.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. चावीच्या ग्रामोफोनात सुई एका पडद्याला हलवीत असे आणि तो पडदा कर्ण्यातून बोलत असे. विजेचे काम नव्हते. विजेच्या यंत्रात सुई ज्या नखाएवढ्या डबीत बसविलेली असते त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. तबकडीच्या खाचेत सुई थरथरते, आणि त्या थरथरीची वीज करणे एवढेच या डबीचे काम. ते ती तीन प्रकारांनी करते. एकीत स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा तुकडा दाबला जातो आणि वीज निघते. दुसरीत सुईला चिकटलेले बारीकसे चुंबक वेटोळ्यापाशी हलते. तिसरीत चुंबक स्थिर राहते आणि वेटोळेच हलते. घराघरांतून ज्या पेटीवजा फोनोवर आपण लहानपणी गाणी ऐकली, त्यांत बहुधा पहिला प्रकार असे, कारण तो स्वस्त आणि त्याचा आवाज मोठा. स्फटिकाचे कार्ट्रिज ज्या क्षारापासून बनवीत तो रोशेल क्षार पाण्यात विरघळतो आणि दमट हवेत ओल शोषून घेतो. आमच्या घरचा फोनो एका श्रावणात मुका झाला तो कायमचा, आणि वडिलांनी तबकड्या गोणपाटात बांधून माळ्यावर टाकल्या. कोकणात आणि गोव्यात अशी किती घरे असतील, त्यांचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या माळ्यावर चढून करावा.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळतो. ‘जुन्या कार्ट्रिजचा जुना आवाज’ हा शब्दप्रयोग माझे स्नेही ज्या सहजतेने करतात ती सहजता मला मान्य नाही. १९६५ साली बनलेले कार्ट्रिज आज १९६५ सालच्यासारखे वाजत नाही. त्यात सुईची दांडी ज्या रबरी बुचात रुतलेली असते ते रबर साठ वर्षांत कडक होते, क्वचित चिकट होऊन ओघळते. कडक रबरात सुई मोकळी हलत नाही. ती खाचेच्या वळणाबरोबर वळण्याऐवजी खाचेची भिंतच घासत जाते. सुईचे टोक नीलमण्याचे असेल तर ते केव्हाच झिजून त्याला धार आलेली असते. हिऱ्याचे टोक टिकते, पण तेही अमर नव्हे. अर्थात आज आपण ऐकतो तो त्या कार्ट्रिजचा तारुण्यातला आवाज नसून त्याच्या म्हातारपणीचा आवाज असतो. म्हाताऱ्या साक्षीदाराविषयी मला आदर आहे. पण त्याची दृष्टी अधू झाली असेल तर त्याने काय पाहिले हे त्याच्या पांढऱ्या केसांवरून ठरत नाही. वकिलीच्या धंद्यात पहिली पाच वर्षे हेच शिकण्यात जातात.

दुसरा मुद्दा मापाचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद असते. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३ फेऱ्यांची लाँगप्ले तबकडी आणली, तिची खाच याच्या जवळजवळ एक-तृतीयांश. म्हणून पहिलीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ०.०७ मिलिमीटर लागते, तर दुसरीसाठी ०.०२५ किंवा त्याहूनही कमी. बारीक सुई रुंद खाचेत ठेवली की ती भिंतींना न टेकता तळाशी जाऊन बसते. गाणे असते भिंतींवर, तळाशी असतो गाळ. रस्त्याच्या मधल्या चाकोरीत लहान चाकाची गाडी जशी ठेचकाळत जाते तशी ती सुई जाते, आणि ऐकणारा म्हणतो, जुन्या तबकड्या फार खरखरतात बुवा! खरखर तबकडीची खरी. पण तिच्यातली अर्धी आपण विकत घेतलेली असते. जुन्या फोनोंच्या कार्ट्रिजला एक लहानशी खिट्टी असे, ती फिरवली की एकीकडे ७८ची सुई येई आणि दुसरीकडे लाँगप्लेची. माझ्या पाहण्यातील निम्म्या घरांत ती खिट्टी कधी कोणी फिरवलेली नव्हती.

वजनाचेही तसेच. चावीच्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटीसकट हात तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकीत असे. म्हणूनच तबकडीच्या मिश्रणात लाखेबरोबर दगडाची पूड घालीत, की तिने पोलादी सुई घासून घासून खाचेच्या आकाराची व्हावी. आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची सूचना सुयांच्या डबीवर छापलेली असे. सिरॅमिकच्या कार्ट्रिजचा भार पाच-सात ग्रॅम, चांगल्या चुंबकी कार्ट्रिजचा दीड ते तीन. हे आकडे मी विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी देत नाही. झिजते ती तबकडी आहे, आणि तबकडी झिजली की तिच्यावरचा गळा झिजतो, म्हणून देतो.

त्या गळ्यांची किंमत आपल्याला कळलेली आहे काय, असा प्रश्न मला सभेत विचारायचा होता. अल्लादिया खाँसाहेब आयुष्याचा मोठा भाग कोल्हापुरात राहिले, आपल्यापासून एक तासाच्या वाटेवर. त्यांच्या गाण्याची एक तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांची एक तबकडी नाही. ते गाणे आपण शिष्यांच्या गळ्यांतून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींतून अदमासाने ऐकतो. याउलट वझेबुवा, जे सावंतवाडी संस्थानातल्या वझऱ्यात जन्मले आणि पुढे बेळगावात राहिले, ते १९४५ साली गेले तरी तीन-तीन मिनिटांपुरते आपल्यापाशी आहेत. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, ते आहेत. मंगेशीचे दीनानाथ १९४२ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही आहेत. हा भेद केवळ एका खाचेचा आहे. आणि माझे स्नेही म्हणतात की, रोज पहाटे ती खाच साठ वर्षांच्या कडक सुईखाली घालू या, म्हणजे उत्सवाला वातावरण येईल!

केसरबाईंविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. फोंडे महालातील केरी गावी १८९२ साली त्या जन्मल्या. ज्या समाजात जन्मल्या त्याने पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेतून हे संगीत सांभाळले, आणि त्या सेवेच्या बदल्यात देवळांच्या मानकऱ्यांनी त्यांना काय दिले, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आज त्यांच्या नावाने आपण छाती फुगवितो. फुगवावी, पण मग त्यांच्या तबकडीवर झिजकी सुई टेकवताना हात थोडा थांबावा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात धाडली, त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तीत भारताच्या वतीने केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ही गोष्ट आपण अभिमानाने एकमेकांस सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्या शास्त्रज्ञांनी तबकडीबरोबर एक कार्ट्रिज आणि सुईही पाठविली आहे, आणि वेष्टनावर चित्र कोरून दाखविले आहे की सुई कोठे ठेवावी आणि तबकडीची एक फेरी किती काळात पुरी व्हावी. ज्यांची भाषा माहीत नाही, ज्यांना कान आहेत की नाहीत तेही माहीत नाही, अशा परक्यांच्या हातून गाणे बिघडू नये म्हणून त्यांनी एवढी काळजी घेतली. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तल्या. त्यांच्या गावापासून दोन घाट अलीकडे राहणारे आपण, आपल्या हाती तीच गायिका आली तर आपण माळ्यावरचा फोनो पुसून घेतो आणि म्हणतो, चालतोय ना, मग झाले!

केवळ तर्काने हा वाद मिटणार नाही हे जाणून मी स्नेह्यांना प्रयोगाचे आव्हान दिले होते, आणि ते त्यांनी दिलदारपणे स्वीकारले. सभेनंतर आठ दिवसांनी त्यांच्याच घरी आम्ही बसलो. देवस्थानाची तबकडी मी घेऊ दिली नाही. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात मिळालेली केसरबाईंचीच, एका बाजूने तडा गेलेली माझी एक प्रत होती ती नेली. कार्ट्रिजे त्यांची: एका भारतीय पेटी-फोनोतून काढलेले सिरॅमिक, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे पन्नाशीतले चुंबकी, ज्याचा दांडा फिरवून सुई बदलता येते, आणि शुअर कंपनीचे एम ४४, साठीतले, परंतु त्याला ७८ची सुई अलीकडे नवी बसविलेली. डेनॉनचे १०३ हेही त्यांच्यापाशी आहे. जपानच्या नभोवाणीसाठी साठीच्या आरंभी घडविलेले आणि आजतागायत बनत असलेले हे मोठे नामांकित कार्ट्रिज. लाँगप्लेवर त्याचे गाणे ऐकून मीही चकित झालो. पण त्याच्या सुईचे टोक ०.०१६५ मिलिमीटरचे. तेही केसरबाईंवर लावून पाहू, असे ते म्हणाले तेव्हा मी खरोखरच मध्ये हात घातला.

पहिल्या फेरीत कार्ट्रिजे पडद्याआड बदलली, पण आवाजाची चावी कोणी हलविली नाही. स्नेह्यांना आणि आणखी दोघांना सिरॅमिकच सर्वांत गोड वाटले. त्यात नवल नव्हते. सिरॅमिकचे कार्ट्रिज व्होल्टच्या दशांशांत वीज देते आणि चुंबकी मिलिव्होल्टांत. वर्धकाचे वेगळे मुख लावूनही सिरॅमिक बरेच मोठ्याने वाजत होते, आणि दोन आवाजांतला मोठा आवाज माणसाच्या कानास अधिक भरीव लागतो. बाजारात आरोळी देणाऱ्याचीच वांगी ताजी वाटतात, तशातली गत. दुसऱ्या फेरीत तिन्हींचा आवाज सारखा करून घेतला. मग सिरॅमिकची हवा उतरली. केसरबाईंचा आकार त्यात मध्येच फुगत होता, तंबोऱ्याच्या चार तारा मिळून एकच गुणगुण होत होती, आणि वरच्या षड्जावर जेथे बाईंचा आवाज तलवारीसारखा सरळ जातो तेथे एक फाटकी किनार लागत होती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अंग होते, भारदस्तपणा होता. साथीची सारंगी मात्र जरा मागे बसली होती. शुअरमध्ये खरखर स्पष्ट होती, परंतु ती गाण्यापासून निराळी होती. तान सुरू होण्यापूर्वी घेतलेला श्वास मी त्या तबकडीवर प्रथमच ऐकला.

माझ्या आत्या त्या दिवशी माझ्याबरोबर आल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, माहेर फोंड्याकडचे, मुलीच्या वयात मुंबईस केसरबाईंची एक बैठक ऐकलेली. त्यांना कार्ट्रिज म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते. सिरॅमिक लागले तेव्हा त्या जपमाळ थांबवून एवढेच म्हणाल्या, “हो आवाज तिचो न्हय रे पुता, सुयेचो.”

तिसऱ्या फेरीत मी थोडी लबाडी केली, ती येथे कबूल करतो. तबकडी कापताना खालचे सूर दाबून आणि वरचे उचलून कापतात, व वाजविताना उलट करून घेतात; याचा एकच सर्वमान्य नियम १९५४ साली अमेरिकेत ठरला. त्यापूर्वी ज्याचा त्याचा नियम वेगळा, आणि १९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी तर कर्ण्यात तोंड घालूनच गाणे असे, तेथे नियमच नव्हता. आजची बहुतेक यंत्रे डोळे मिटून १९५४चा नियम लावतात, आणि त्या नियमात दर सेकंदास दहा हजार कंपनांपाशी आवाज सुमारे चौदा डेसिबलांनी खाली येतो. मी शुअरचेच कार्ट्रिज ठेवले, केवळ हा नियम चालू केला, आणि स्नेह्यांना विचारले. ते डोळे मिटून म्हणाले, “हाच! हाच तो सिरॅमिकचा जुना गोडवा!” मी पडदा बाजूला केला. वहिनींनी चहा आणला आणि काही वेळ आम्ही उत्सवाच्या फुलांच्या दरांविषयी बोललो.

एवढ्यावरून मी असे म्हणत नाही की गोडवा हा सर्वस्वी भास आहे. जनरल इलेक्ट्रिकचे ते कार्ट्रिज मला मनापासून आवडले, आणि घरी बसून स्वतःच्या आनंदासाठी स्नेह्यांनी ते रोज ऐकावे. दोन चांगल्या कार्ट्रिजांत आवड-निवड असते. ती असू द्यावी. माझा आक्षेप एवढाच की, ज्याला ते गोडवा म्हणतात त्यात पुष्कळदा वरचे सूर कापले गेल्याने आलेली मंदता असते, आणि त्या मंदतेला परंपरेचा शालजोडा पांघरून देवस्थानाच्या ठरावात घुसविले जात आहे.

त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळणे मला शोभणार नाही. ते म्हणतात, त्या काळी कलावंतांनी आपला आवाज याच सुयांवर ऐकला, याच सुयांवर तो पसंत केला. मग आपण त्याहून अधिक शहाणे कोण? उत्तर असे की, कलावंताने ऐकली ती कोरी नमुन्याची तबकडी, कोऱ्या सुईने. आपण शंभरदा वाजलेली तबकडी विसाव्यांदा वापरलेल्या सुईने ऐकून त्याची पसंती गृहीत धरणार काय? शिवाय त्या काळच्या श्रोत्यास दुसरी प्रत दुकानात मिळत होती. आज व्हॉयेजरवरच्या भैरवीचेच पाहा. ती निवडली गेली तेव्हाच तिची तबकडी दुर्मिळ झाली होती. न्यूयॉर्कमधील एका भारतीयाच्या दुकानात शोधाशोध करून ती मिळवावी लागली. आणि ही गोष्ट १९७७ सालची.

आणखी एक आक्षेप सभेत मागच्या बाकावरून आला होता की, हे सारे श्रीमंती चोचले आहेत. नाही. ७८ची एक नवी सुई उत्सवाच्या एका दिवसाच्या फुलांच्या आरासीहून महाग नाही. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिजे बनविणे बंद केले हे खरे, तरी जपानात त्यांच्यासाठी सुया अजून बनतात. खर्च होतो तो सुईचा नव्हे, नादाचा. ज्या जुन्या डब्यांना आज दुप्पट-चौपट भाव येतो, त्यांतले रबर विकणारा तपासून देत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

आता जे घडले ते सांगतो, म्हणजे माझा त्रागा वाचकांस अनाठायी वाटणार नाही. पेटी आली त्याच आठवड्यात एका उत्साही स्वयंसेवकाने पाच तबकड्या स्वच्छ करण्यासाठी कापसाने स्पिरिट लावून पुसल्या. हेतू उत्तम. परंतु या तबकड्या लाखेच्या. आपला सुतार लाखदाणा कशात विरघळवून पॉलिश करतो? स्पिरिटातच. पाचांपैकी दोहोंचा पृष्ठभाग पांढरट, निस्तेज झाला आहे. त्यांतली एक दीनानाथांची. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडके आणि मधला कागद कोरडा, एवढे कोणी सांगितले असते तर पुरे होते. त्या तरुणास मी दोष देत नाही. पेटी उघड्यावर ठेवणाऱ्या आम्हा विश्वस्तांना देतो, आणि त्यांत मी आहे.

म्हणून माझी मागणी सभेपुढे अशी राहील. तबकड्या उत्सवात वाजवू नयेत. प्रत्येकीवर योग्य मापाची नवी सुई एकदाच, फार तर दोनदा फिरावी, आणि त्या वेळी जे येईल ते जसेच्या तसे संगणकात उतरवून घ्यावे. खरखर काढण्याचा मोह त्या मूळ प्रतीपुरता आवरावा. खरखर पुसण्याच्या यंत्रांना तंबोऱ्याची जवारी आणि खरखर यांतला फरक पुष्कळदा कळत नाही. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर करा, आणि तीच पहाटे ध्वनिक्षेपकावर लावा. काकडआरतीला आलेल्या भाविकांना त्यात काही उणे पडणार नाही. फेऱ्यांचा वेगही डोळे मिटून ७८ धरू नये. पहिल्या दशकांतल्या तबकड्या कमी-अधिक वेगाने कापलेल्या आहेत, आणि वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर पेटीच्या जवळजवळ एका पट्टीने सरकतो. खाँसाहेबांचे १९०५च्या सुमाराचे ध्वनिमुद्रण आणि तिशीतले ध्वनिमुद्रण एकाच मापाने वाजविणाऱ्यास त्यांचा आवाज वयाबरोबर बदलला की यंत्राबरोबर, हे कधीच कळणार नाही. हे काम आपल्याला जमत नसेल तर मुंबईस १९९० साली स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आहे. तिच्यातील जाणत्यांना पत्र घालण्यात कमीपणा नाही.

कायद्याच्या दृष्टीने एक सांगून ठेवतो, कारण सभेत कोणीतरी विचारणारच. १८७२ सालचा पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. परंतु मूळ दस्तऐवज हयात असताना त्याच्या नकलेवर भागवू नये, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. म्हणून नक्कल झाली की मूळ तबकड्या भंगारात काढण्याची जी कुजबुज मी ऐकतो आहे, तिलाही माझा तितकाच विरोध राहील. उद्या याहून हळुवार सुई निघेल, कदाचित सुईवाचून प्रकाशाने खाच वाचणारे यंत्र आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचेल. अमेरिकेत तसे प्रयोग झालेले आहेत. तेव्हा त्या त्रेचाळीस तबकड्या, त्यांतल्या दोन निस्तेज झालेल्याही, उभ्या रांगेत, उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात असल्या पाहिजेत.

पेटी सध्या माझ्या कचेरीत आहे, पक्षकारांच्या फायलींच्या वरच्या खणात. किल्ली देवस्थानाच्या कारकुनाकडे दिली आहे. पुढील सभेस मी ती घेऊन येईन. माझ्या स्नेह्यांनी आपले जनरल इलेक्ट्रिक अवश्य आणावे, लाँगप्ले लावून आम्ही सारेच ऐकू. आत्याही येणार म्हणतात.